नाका आपला, नियमही आपले

(चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत काम करणाऱ्या महिला संघटना, सल्ला केंद्रं आणि बचतगटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. भाषणानंतर झालेल्या प्रश्नोत्तरांपैकी काही शेवटी दिली आहेत.)



आपल्या भागात 'नेटवर्क' म्हटलं की पहिलं उत्तर येतं, "ताई, इथे नाही, त्या टेकडीवर जावं लागतं." भामरागड, एटापल्ली, कोरची, जिवतीकडून आलेल्या बाया हसतायत, कारण त्यांना हे रोजचं आहे. पण आज मी टॉवरच्या नेटवर्कबद्दल बोलणार नाही. तुमच्या कार्यालयात एक संगणक आहे, एक प्रिंटर आहे, भिंतीवर वायफायचा डबा आहे, चार जणींचे फोन आहेत, कुठे दारावर कॅमेरा आहे. ही सगळी यंत्रं एकमेकांशी बोलतात आणि त्या एका डब्यातून बाहेरच्या जगाशीही बोलतात. हे तुमचं नेटवर्क. आणि बाहेरचं जगही त्याच डब्यातून आत यायला बघत असतं.

"आमच्याकडे चोरण्यासारखं काय आहे?" असं तुम्ही म्हणाल. आपण यादीच करू. नवऱ्याने मारहाण केली म्हणून आलेल्या बाईचा अर्ज, तिचा सध्याचा पत्ता, ती कुणाच्या घरी थांबली आहे ते. बलात्काराच्या खटल्यातल्या मुलीचं नाव. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारी. बचतगटांच्या बायांची आधार कार्डं, पासबुकांचे फोटो. ग्रामसभेने तेंदूपत्त्याचा लिलाव केला असेल तर त्याची कागदपत्रं. सामूहिक वनहक्काच्या दाव्यांचे नकाशे. अवैध दारूविरुद्ध केलेल्या अर्जांवरच्या सह्या. आता सांगा, यातलं काय चुकीच्या माणसाच्या हाती पडलेलं चालेल?

पूर्वी हे सगळं लोखंडी कपाटात असायचं आणि किल्ली एका ताईच्या पदराला असायची. कपाट फोडायला चोराला कार्यालयापर्यंत यावं लागायचं. आता त्याने गडचिरोलीला येण्याची गरज नाही, तो कुठल्याही देशात बसलेला असू शकतो. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे आणि २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याचं कलम १६ तक्रारीबद्दल गुप्तता पाळायला सांगतं. पण कायद्याच्याही आधी, आपल्यावर विश्वास टाकून आलेल्या बाईला दिलेला तो शब्द असतो. म्हणून संगणकाचं दार बंद ठेवणं हा दुकानातल्या मुलावर सोडून द्यायचा विषय नाही. तो आपल्या कामाचाच भाग आहे.

हल्ला म्हणजे नेमकं काय?

सिनेमात दाखवतात तसा कुणी हुशार माणूस रात्रभर तुमच्याच संगणकामागे लागलेला नसतो. बहुतेक हल्ले यंत्रंच करतात. एक कार्यक्रम इंटरनेटवरचा एकेक पत्ता घेतो, दार ठोठावतो, उघडलं तर आत शिरतो, नाही तर पुढच्या घरी जातो. त्याला तुमची संस्था माहीत नसते. दार उघडं आहे की बंद, एवढंच तो बघतो.

प्रत्येक संगणकाला अशी ६५ हजारांहून जास्त दारं असतात. त्यांना पोर्ट म्हणतात, आणि प्रत्येकाला एक क्रमांक असतो. वेबसाइटचं दार ४४३, विंडोजच्या फाइली आपसात वाटून घेण्याचं ४४५, दूर बसून संगणक चालवण्याचं ३३८९. बहुतेक दारं बंदच असतात. जी उघडी राहतात त्यांच्यामागे एखादा कार्यक्रम बसून वाट बघत असतो, आणि त्या कार्यक्रमात खोट असली तर चोर तिथून आत येतो.

१२ मे २०१७ रोजी सुरू झालेला 'वॉनाक्राय' हल्ला असाच होता. ४४५ क्रमांकाच्या दारातून तो विंडोजच्या संगणकांत शिरला, फाइलींना कुलूप लावलं आणि किल्लीसाठी पैसे मागितले. दीडशेच्या आसपास देशांतले दोन लाखांहून जास्त संगणक त्यात सापडले. ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यांना रुग्ण परत पाठवावे लागले. लक्षात घ्या, यात कुणी चुकीच्या चिठ्ठीवर बोट ठेवण्याची गरज नव्हती. खोट दुरुस्त करणारी सुधारणा कंपनीने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती आणि ज्यांचं दार उघडं होतं, ते सापडले.

दुसरा प्रकार तयार पासवर्डचा. डबा किंवा कॅमेरा कारखान्यातून येतो तेव्हा त्याचं नाव 'ॲडमिन' आणि पासवर्डही 'ॲडमिन' असतो. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या कार्यक्रमाने असे साठेक ठरावीक पासवर्ड घेऊन जगभरचे कॅमेरे आणि डबे ताब्यात घेतले आणि त्या सगळ्यांकडून एकाच वेळी मोठमोठ्या वेबसाइटवर गर्दी करवून त्या बंद पाडल्या. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना पत्ताही नव्हता.

तिसरा प्रकार म्हणजे ३३८९ सारख्या दारावर उभं राहून तासाला हजारो पासवर्ड लावून बघणं. चौथा, डब्याच्या आत शिरून त्याची दिशा बदलणं. तुम्ही बँकेचा पत्ता टाकता आणि डबा तुम्हाला बँकेसारख्याच दिसणाऱ्या खोट्या पानावर नेऊन सोडतो.

फायरवॉल म्हणजे वननाका

या सगळ्यांच्या वाटेत जी यंत्रणा उभी करतात तिला फायरवॉल म्हणतात. शब्दाचा अर्थ आग अडवणारी भिंत. पण आपल्याला ती वननाक्यावरून जास्त लवकर समजेल.

नाक्यावर आडवा बांबू असतो. ट्रक आला की थांबतो. नाकेदार वाहतूक परवाना मागतो. माल कुठला, कुठून निघाला, कुठे चालला, तारीख कोणती. परवाना बरोबर असला की बांबू वर, नाहीतर ट्रक बाजूला. फायरवॉल हेच करते. नेटवर्कमधला मजकूर छोट्या छोट्या गठ्ठ्यांनी येतो-जातो. प्रत्येक गठ्ठ्यावर लिहिलेलं असतं, कुठल्या पत्त्यावरून आला, कुठल्या पत्त्याला चालला, कुठल्या दाराला. फायरवॉल ते वाचते, आपल्याजवळची नियमांची यादी बघते आणि सोडते किंवा अडवते.

तिच्याकडे आणखी एक वही असते. तुमच्या संगणकाने स्वतःहून बाहेर काही मागितलं असेल, समजा बँकेचं पान मागितलं, तर ते ती टिपून ठेवते. उत्तर आलं की वहीत बघते, "हो, हे आपणच मागवलं होतं," आणि आत सोडते. न मागवता आलेलं बाहेरच राहतं. म्हणून बाहेरून येणारं सगळं बंद केलं तरी आपलं रोजचं काम अडत नाही. ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण "बंद केलं तर इंटरनेट चालणार नाही" या भीतीनेच बरेच जण फायरवॉल उघडी ठेवतात.

आता कळीचा प्रश्न. नियम कोण ठरवणार? मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, पण बांबू बाहेर न्यायचा परवाना वनखात्याच्याच हाती होता. तो परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती यायला २७ एप्रिल २०११ उजाडावा लागला. हक्क कागदावर असून भागत नाही, परवान्याचं पुस्तक कुणाकडे आहे ते बघावं लागतं. तुमच्या कार्यालयाच्या डब्याचा पासवर्ड कुणाकडे आहे? हात वर करा बरं. वायफाय लावून देणाऱ्या माणसाकडे? घरमालकाच्या मुलाकडे? मग नाका तुमच्या दारात आहे, पण नाकेदार दुसराच आहे.

संगणक म्हणजे मुलांचं काम, आपल्याला काय कळतं, असं बायांना सांगितलं जातं आणि बायाही ते मानतात. ज्या बाईला बचतगटाची सहा रजिस्टरं बिनचूक लिहिता येतात, तिला दहा नियमांची यादी लिहिता येत नाही, हे मी मानायला तयार नाही.

पहिला नाका : भिंतीवरचा डबा

या डब्याला रूटर म्हणतात. त्याच्या मागे किंवा खाली एक चिठ्ठी असते. तिच्यावर १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा पत्ता असतो. वायफायला जोडलेल्या फोनवर किंवा संगणकावर तो पत्ता उघडला की डब्याचं स्वतःचं पान येतं. एक वही घ्या आणि पुढची कामं क्रमाने करा.

एक. डबा सांभाळण्याचा पासवर्ड बदला. हा वायफायच्या पासवर्डहून वेगळा असतो, हे पुष्कळ जणींना माहीत नसतं. वायफायचा पासवर्ड म्हणजे अंगणात यायची परवानगी, आणि हा म्हणजे घराची किल्ली. चार-पाच असंबद्ध शब्द एकापुढे एक ठेवा. संस्थेचं नाव, गावाचं नाव, स्थापनेचं साल नको.

दोन. 'फायरवॉल' असं लिहिलेलं पान शोधा आणि ती चालू आहे का बघा. कमी, मध्यम, जास्त असे पर्याय असले तर मध्यम किंवा जास्त ठेवा. 'आयपी-व्ही-सहा'साठी वेगळी फायरवॉल दिसली तर तीही चालू हवी. नव्या पद्धतीच्या पत्त्यांसाठी ते दुसरं फाटक आहे आणि अनेक ठिकाणी ते उघडंच राहतं.

तीन. 'रिमोट मॅनेजमेंट' बंद करा. याचा अर्थ, बाहेरच्या जगातून डब्याचं पान उघडता येणार नाही. तपासायची सोपी रीत आहे. डब्याच्या पानावर 'वॅन आयपी' नावाचा आकडा असतो. फोनचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटावर तो आकडा उघडून बघा. पासवर्ड विचारणारं पान आलं, तर दार उघडं आहे.

चार. 'पोर्ट फॉरवर्डिंग'ची यादी बघा. बाहेरून आलेल्याला आतल्या ठरावीक यंत्राकडे थेट पाठवण्याची ही वाट आहे. कॅमेरा लावणारा माणूस अनेकदा फोनवर चित्र दिसावं म्हणून ही वाट पाडून जातो आणि बुजवत नाही. यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे विचारा, ही कशासाठी, कुणी मागितली? उत्तर नसेल तर ओळ काढा. तसंच 'डीएमझेड' बंद हवं. त्यात एखादं यंत्र घातलं की ते सगळ्या दारांनिशी रस्त्यावर उभं राहतं.

पाच. 'यूपीएनपी' आणि 'डब्ल्यूपीएस' बंद करा. पहिल्यामुळे आतलं कुठलंही यंत्र तुम्हाला न विचारता दार उघडायला सांगू शकतं. दुसऱ्यात आठ आकड्यांच्या क्रमांकावर वायफायला जोडता येतं आणि तो क्रमांक शोधून काढता येतो.

सहा. वायफायची सुरक्षा 'डब्ल्यूपीए-दोन' किंवा 'डब्ल्यूपीए-तीन' ठेवा. आणि पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय सुरू करा, बहुतेक डब्यांत तशी सोय असते.

या शेवटच्या मुद्द्यावर मला थोडं थांबायचं आहे. सल्ला केंद्रात बाई येते, तिच्याबरोबर भाऊ येतो, कधी नवरा येतो, सासरची माणसं येतात. दोन तास बसतात, "ताई, वायफायचा पासवर्ड द्या" म्हणतात आणि आपण देतो. ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तोच माणूस आपल्या नेटवर्कच्या आत बसलेला असतो. बाहेरच्या नाक्याला तो दिसतही नाही. त्याने काही करायला हवं असंही नाही, त्याच्या फोनमध्ये घाण असली तरी पुरे.

उन्हाळा लागण्याआधी आपल्या जंगलात जाळरेषा काढतात. पट्ट्यातला पाला आधीच साफ केला की मोहफुलं वेचायला कुणी झाडाखाली लावलेली आग एका कप्प्यात अडते, अख्खं जंगल पेटत नाही. नेटवर्कमध्येही अशी जाळरेषा लागते. संस्थेचा संगणक आणि प्रिंटर एका बाजूला, पाहुण्यांचे फोन आणि कॅमेरा दुसऱ्या बाजूला.

ती नसली तर काय होतं याचं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. २७ जून २०१७ ला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून 'नॉटपेट्या' नावाचा हल्ला सुटला. मर्स्क या जहाज कंपनीच्या नेटवर्कमध्ये तो शिरला आणि आतल्या आत पसरत मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या तिच्या टर्मिनलपर्यंत पोचला. तिथलं काम ठप्प झालं. आग लागली युक्रेनमध्ये, काम थांबलं उरणला.

दुसरा नाका : संगणक स्वतः

डब्याची फायरवॉल घराच्या फाटकावर. संगणकाची फायरवॉल खोलीच्या दारावर. दोन्ही हव्यात, कारण लॅपटॉप घेऊन आपण तहसील कचेरीत जातो, लॉजवर राहतो, तिथे आपलं फाटक नसतं.

विंडोजमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' उघडा, त्यात 'फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन'. तिथे तीन नावं दिसतील : डोमेन, प्रायव्हेट, पब्लिक. तिन्हींपुढे 'ऑन' हवं. बाहेर कुठेही वायफाय जोडताना 'पब्लिक' निवडा. त्यात संगणक इतरांपासून लपून राहतो. कार्यालयातही प्रिंटर चालत असेल तर 'पब्लिक'च ठेवायला हरकत नाही. आणखी एक खूण असते, यादीतल्या कार्यक्रमांसकट बाहेरून येणारं सगळं अडवण्याची. प्रवासात ती लावून टाका.

मग 'अलाऊ ॲन ॲप' ही यादी उघडा. फायरवॉलमधून कुणाकुणाला सूट दिली आहे ते इथे दिसतं. प्रत्येक नाव वाचा. कधीतरी घातलेला खेळ, बंद पडलेलं सॉफ्टवेअर, दूरून संगणक चालवणारं ॲप यांची खूण काढा. 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' वापरत नसाल तर तीही काढा, मघाचं ४४५ चं दार तेच. एखादं नवं ॲप "परवानगी द्यायची का" असं विचारतं तेव्हा काय आहे ते समजेपर्यंत 'नाही' म्हणा. काही अडलं तर नंतर सूट देता येते.

नियम लिहायची एकच रीत लक्षात ठेवा. आधी सगळं बंद, मग गरजेपुरतं एकेक उघडा. उलटं, म्हणजे सगळं उघडं ठेवून वाईट तेवढं बंद करू म्हणाल, तर वाईटाची यादी कधी संपणार नाही. मोठ्या फायरवॉलमध्ये नियम वरून खाली वाचले जातात आणि पहिला जुळला तो लागू होतो, म्हणून 'बाकी सगळं अडवा' हा नियम शेवटी असतो.

आणि एक कळकळीची विनंती. प्रिंटर चालत नाही म्हणून दुरुस्तीवाला येतो, सगळ्यात आधी फायरवॉल बंद करतो, प्रिंटर चालू होतो, तो पैसे घेऊन जातो. फायरवॉल तशीच बंद राहते. तो जायच्या आधी ते पान स्वतः उघडून बघा. तीन वेळा 'ऑन' दिसलं की मग पैसे द्या.

विंडोज १० साठी कंपनीने देऊ केलेल्या नेहमीच्या सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या. जुना संगणक असेल तर त्यावर लिनक्स बसवता येतं, ते फुकट आहे, मराठी त्यात चालतं आणि त्यालाही फायरवॉल असते, फक्त ती बऱ्याचदा आपण चालू करावी लागते.

नाका काय अडवू शकत नाही

गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली. त्यासाठी बाया रस्त्यावर उतरल्या होत्या. पण नाक्यावर पहारा असला तरी दारू आडवाटेने येत राहिली, वैनगंगा ओलांडून येत राहिली, आणि गावातल्याच कुणाच्या तरी घरात साठवली गेली. नाका महत्त्वाचा आहे, पण आतून कुणी दार उघडलं तर तो काय करणार?

नाकेदार परवाना वाचतो, बांबूखाली काय लपवलंय ते प्रत्येक वेळी उपसून बघत नाही. फायरवॉलचंही तसंच. तुम्ही स्वतः पत्र उघडलंत, त्यातली फाइल चालवलीत, तर तो 'आपणच मागवलेला' माल ठरतो. एकदा आत आलेला कार्यक्रम मग आतून बाहेर फोन लावतो. विंडोजची फायरवॉल बाहेर जाणाऱ्याला सहसा अडवत नाही.

भीमा-कोरेगाव खटल्यात अटक झालेले रोना विल्सन यांच्या लॅपटॉपची तपासणी अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने केली. तिचा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये बाहेर आला. अहवालाप्रमाणे १३ जून २०१६ रोजी ओळखीच्या माणसाच्या खात्यावरून आलेल्या पत्रातली फाइल उघडली गेली आणि 'नेटवायर' नावाचा कार्यक्रम आत बसला. पुढे बावीस महिने लॅपटॉप दुसऱ्याच्या ताब्यात होता आणि त्यात कागदपत्रं बाहेरून ठेवली गेली. नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकाबद्दलही त्याच संस्थेने तसाच निष्कर्ष काढला. तपास यंत्रणेने हे निष्कर्ष नाकारले. त्या खटल्याबद्दल कुणाचं मत काहीही असो, आपल्यासारख्या जिल्ह्यांत काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्तीने यातली तांत्रिक बाजू समजून घेतली पाहिजे. पत्र ओळखीच्या नावाने आलं होतं.

पैशाच्या बाबतीतही तेच. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत शिरून चोरांनी एटीएमच्या विचारणांना परस्पर 'हो, पैसे द्या' असं उत्तर देणारी खोटी यंत्रणा बसवली. ९४ कोटींहून अधिक रुपये गेले, त्यातले बहुतेक २८ देशांतल्या एटीएममधून काढले गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या चंद्रपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या ग्राहकांचे तीन कोटींहून जास्त रुपये परस्पर दुसऱ्या खात्यांत वळवले गेल्याचं उघडकीला आलं. बँकांकडे आपल्यापेक्षा किती मोठे नाके असतात! तरीही हे घडतं. म्हणून गटाच्या खात्याचा हिशेब आठवड्याला बघणं आणि काही गडबड दिसली तर ताबडतोब १९३० वर फोन करणं, हे फायरवॉलइतकंच आवश्यक आहे. पहिल्या काही तासांत फोन गेला तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते.

तेव्हा नाक्याच्या मागे आणखी चार सवयी हव्यात. अनपेक्षित फाइल आली तर पाठवणारीला फोन करून विचारा. संगणकाच्या आणि ॲपच्या सुधारणा आल्या की त्याच आठवड्यात बसवा. कुणी फोनवर "हे ॲप घाला, मी तुमचा संगणक दुरून दुरुस्त करतो" म्हणालं तर फोन ठेवा. आणि महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क संगणकापासून काढून कपाटात ठेवा. जोडून ठेवलेली डिस्क कुलूप लावणाऱ्या हल्ल्यात संगणकाबरोबरच जाते.

हे काम एका हुशार मुलीवर टाकू नका. दोघी ठरवा. एक वही करा : कुठला डबा, कुणाच्या नावावर जोडणी, कुठली दारं उघडी, कशासाठी, कुणी उघडली, तारीख. पासवर्ड बंद पाकिटात कपाटात. दर तीन महिन्यांनी बैठकीत दहा मिनिटं ती वही वाचायची. कार्यकर्ती सोडून गेली की त्याच आठवड्यात पासवर्ड बदलायचे. तिच्यावर अविश्वास म्हणून नाही, तिच्यावर उद्या कुणी दबाव आणू नये म्हणूनही.

प्रश्नोत्तरं

प्रश्न : आमच्याकडे वायफायच नाही. फोनच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवतो.

मग लॅपटॉपची फायरवॉल हाच तुमचा मुख्य नाका. 'पब्लिक' निवडा, हॉटस्पॉटचा पासवर्ड मोठा ठेवा, काम झालं की हॉटस्पॉट बंद. मोबाइल कंपन्या बहुधा अनेक ग्राहकांना एकाच पत्त्यामागे ठेवतात, त्यामुळे बाहेरून थेट ठोठावणं थोडं अवघड जातं. पण त्यावर विसंबू नका.

प्रश्न : पैसे देऊन वेगळी फायरवॉल घ्यावी का?

दोन-तीन संगणकांच्या कार्यालयाला डब्यातली आणि विंडोजमधली पुरते. हाती पैसे असतील तर आधी प्रत ठेवायची डिस्क घ्या. ज्यांच्याकडे स्वतःचा सर्व्हर आहे, पंधरा-वीस जणी एका वेळी काम करतात, त्यांनी वेगळ्या यंत्राचा विचार करावा आणि ते सांभाळणार कोण हे आधी ठरवावं.

प्रश्न : नवरा फोनमधलं सगळं वाचतो अशी बाई आली तर?

इथे फायरवॉलचा उपयोग नाही, कारण फोन त्याच्या हातात जातो. घाईने ॲप काढून टाकायला सांगू नका. त्याला लगेच कळेल आणि तिला मार बसेल. तिच्याशी बोलताना तो फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, निरोप दुसऱ्या सुरक्षित फोनवरून द्या. फोनचं काय करायचं ते ती बाहेर कधी पडणार यावरून, तिनेच ठरवायचं.

प्रश्न : तपासासाठी कार्यालयातला संगणकच उचलून नेला तर?

ताबडतोब वकिलाला बोलवा, पंचनाम्याची प्रत मागा, आणि डिस्कची 'हॅश व्हॅल्यू' नोंदवायचा आग्रह धरा. डिस्कवर त्या क्षणी जे आहे त्याचा तो अंगठ्याचा ठसा समजा. नंतर एक अक्षर बदललं तरी ठसा जुळत नाही. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रातही तो नोंदवावा लागतो.

प्रश्न : वायफाय लावणारा डब्याचा पासवर्ड देतच नाही. म्हणतो, तुम्हाला काय करायचाय?

जोडणी संस्थेच्या नावावर आहे ना? बिल संस्था भरते ना? मग त्याला लेखी पत्र द्या आणि इंटरनेट जोडणीचं वापरकर्ता नाव आणि पासवर्ड मागून घ्या. ते हातात आलं की डब्याच्या मागचं छोटं बटण टाचणीने दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. डबा कोरा होतो. मग ते नाव आणि पासवर्ड टाकून जोडणी पुन्हा सुरू करायची आणि डब्याला नवा पासवर्ड तुम्ही ठेवायचा. ही माहिती घेण्याआधी मात्र बटण दाबू नका, नाहीतर इंटरनेट बंद पडेल आणि तुम्हाला त्याच माणसाला बोलवावं लागेल.